पलीकडची शेजारीण

तापीने नंदुरबार जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. नंदुरबार-नवापूर दक्षिणेला, शहादा-तळोदा-अक्कलकुवा-धडगाव उत्तरेला. त्यामुळे पूल म्हटला की इथल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. प्रकाशाच्या पुलावरून जाताना तर बसमधून तापीमाईला नमस्कारही होतो आणि नाणंही पडतं.

पण सुरत-धुळे महामार्ग नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाट असा जातो, तिथं पुलाचा दुसरा स्वभाव कळतो. हा जुना सहा नंबर, कागदोपत्री आता 53. त्याचं चौपदरीकरण निघालं आणि रखडत चाललं. नदीवरचा पूल असलेले दोन काठ जोडतो. वस्तीजवळचा पूल आधी काठ तयार करतो. रस्ता चार पदरी झाला की तीच एक नदी होते, बारा महिने दुथडी भरलेली, ट्रक-कंटेनरांनी वाहणारी. कालपर्यंत समोर राहणारी शेजारीण मग 'पलीकडची' होते.

त्यातही खरा पूल थोडाच असतो. खांबांवरचा पूल महाग, मातीचा भराव स्वस्त. म्हणून मध्ये खांब आणि दोन्ही अंगांना भराव. खांबांखालून गुरं, सायकली, लग्नाची वरात, सगळं जातं. भरावाशेजारी ज्याचं घर, त्याच्या अंगणाला मात्र सरकारी खर्चाने कंपाउंड मिळतं. वरून जाणाऱ्या ड्रायव्हरला त्याच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या दिसतात. त्याला ड्रायव्हरचा फक्त हॉर्न कळतो.

भरावाची लबाडी तापीनेही एकदा उघडी पाडली. सप्टेंबर 2023च्या पुरात सारंगखेड्याला पूल उभा राहिला, खचला तो जोडरस्त्याचा भराव. पूल जागेवर होता, फक्त त्याच्यावर चढता येत नव्हतं.

रस्ता नको असं कुणी म्हणत नाही. रात्री-बेरात्री पेशंटला सुरतेला न्यायची वेळ आली की चार पदरांची किंमत कळते. सुरत जवळ येतेच. पण नकाशावर रस्ता उभा धावतो आणि गाव आडवं चालतं : शाळा, दळण, पाणी, देऊळ. भरावाखालून पलीकडे जायचा बोगदा कुठे हवा, हे मोजणीच्या यंत्राला कळायचं नाही. आराखड्यावर सही करण्याआधी साहेबांना एकदा वाटी देऊन पलीकडच्या शेजारणीकडे विरजण आणायला पाठवावं. ते परत येईपर्यंत दूध नासलं, तर बोगदा आणखी अलीकडे हवा.