आमच्या वाट्याला फक्त तस्करच?

हाँगकाँगचे कँटोनीज गुन्हेपट लिहिणाऱ्या पटकथाकारांस,

तुमचे सिनेमे जीव लावून पाहत आले आहे, म्हणूनच हे पत्र रागानं लिहिते आहे. 'इन्फर्नल अफेअर्स'मध्ये (2002) टोळीत घुसलेला पोलीस आणि पोलिसांत घुसलेला टोळीवाला, दोघांचीही घालमेल तुम्ही अशी मांडलीत की हॉलिवूडला त्यावरून 'द डिपार्टेड' काढावासा वाटला. खुन्याच्या मनातलं ओळखणारी तुमची लेखणी हाँगकाँगच्या चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीतल्या सावळ्या माणसापाशी आली की कोरडी का पडते?

'चुंगकिंग एक्स्प्रेस' (1994) घ्या. मला अतिशय आवडणारा सिनेमा. सोनेरी विग घातलेली ब्रिजिट लिन भारतीय माणसांकरवी अमली पदार्थ पाठवू पाहते, ती माणसं माल घेऊन पसार होतात आणि ती पिस्तूल घेऊन त्यांच्या मागे लागते. एकाकी पोलिसाच्या मनात डबाबंद अननसावरची मुदतसुद्धा घर करते; या माणसांच्या मनात काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. दिग्दर्शक वाँग कार-वाय स्वतः पाचव्या वर्षी शांघायहून आलेला, हाँगकाँगच्या त्सिम शा त्सुई भागातच वाढलेला. परक्या शहरात उपरं असणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं का?

त्याच त्सिम शा त्सुईतल्या नेथन रोडवर, चुंगकिंग मॅन्शन्सपासून हाकेच्या अंतरावर मोदी रोड सुरू होतो. मुंबईत जन्मलेल्या होरमसजी नौरोजी मोदींचं नाव आहे ते. हाँगकाँग विद्यापीठ उभं राहिलं त्यात त्यांच्या देणगीचा मोठा वाटा. शीख शिपाई तर एकोणिसाव्या शतकापासून तिथल्या पोलीस दलात होते. म्हणजे तुमच्या लाडक्या खात्याच्या इतिहासातच पगडी आहे, आणि पडद्यावरच्या इन्स्पेक्टरांत ती औषधालाही सापडत नाही. 2013मध्ये याच भागातल्या, यौ त्सिमच्या पोलिसांनी अल्पसंख्याक तरुणांना भरतीसाठी तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. खात्याला जे सुचलं ते तुम्हाला सुचत नाही?

2021च्या जनगणनेत चिनी नसलेले रहिवासी सुमारे 6 लाख 20 हजार होते, लोकसंख्येच्या 8.4 टक्के. त्यांतले निम्म्याहून अधिक घरकामगार, बहुतेक फिलिपिनो आणि इंडोनेशियन बाया. तुमच्या सिनेमातल्या प्रत्येक श्रीमंत डॉनच्या घरात कुणीतरी भांडी घासत असणार, दाराआडचं बोलणं ऐकत असणार. इतकी मोक्याची साक्षीदार हाताशी असून तुम्ही तिला ट्रे ठेवून आत पाठवता. माणुसकी राहू द्या. रहस्यकथा लिहिणाऱ्याचा हा साधा नालायकपणा आहे.

बाजारात चालणार नाही, हे कारण मला सांगू नका. अभिनेता अँथनी वाँगचे वडील इंग्रज, आणि कँटोनीज पडद्यावरचा सर्वांत लक्षात राहिलेला पोलीस अधिकारी त्यानंच रंगवला. त्यालाच घेऊन, मलेशियात जन्मलेल्या लाऊ कोक-रुईनं 'द सनी साइड ऑफ द स्ट्रीट' (2022) काढला: एक कडवट टॅक्सीवाला आणि आश्रय मागणाऱ्या पाकिस्तानी कुटुंबातला पोरगा. पोराची भूमिका साहल झमान या पाकिस्तानी वंशाच्या मुलानं केली, आणि वाँगला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा गोल्डन हॉर्स पुरस्कार मिळाला. 'ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स: वॉल्ड इन'चा (2024) नायक तर बेकायदा आलेला निर्वासित, आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. निर्वासिताचं दुःख तुम्हाला कळतं, फक्त त्याचा चेहरा चिनी असावा लागतो.

तेव्हा पुढच्या पटकथेत टोळीत घुसणारा तो पोलीस हाँगकाँगातच जन्मलेला पंजाबी पोरगा करा. अस्सल कँटोनीज शिव्या देणारा, घरी आईशी पंजाबीत खोटं बोलणारा, गुरुद्वाऱ्यात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून धास्तावलेला. त्याला आडनावासकट नाव द्या. भूमिकेसाठी तिथल्याच मुलांच्या ऑडिशन घ्या, कुणाच्या तोंडाला काळा रंग फासू नका. आणि त्याला मारायचाच असेल, तर शेवटच्या रिळापर्यंत जगू द्या.

तुमची,
एक संतापलेली प्रेक्षक