माती ओली, पंप बंद

१९६९ साली जपानच्या यास्कावा कंपनीतले तेत्सुरो मोरी यांनी 'मेकॅनिक्स' आणि 'इलेक्ट्रॉनिक्स' जोडून 'मेकॅट्रॉनिक्स' हा शब्द घडवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या पावसाळी चंदगडात शब्दाआधी वस्तू पोचली: वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच.

तरी पोरांनी शिकावं म्हणून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात प्रयोग ठरलेला, 'स्वयंचलित सिंचन'. आर्डुइनो हा छोटा नियंत्रक बोर्ड, ओलावा ओळखणारा सेन्सर, रिले आणि बोटाएवढा पंप. सगळं हजाराच्या आत. कुंडीतली माती सुकली की रिले 'टक्' करणार आणि पंप सुरू. आता चंदगडात ऐन श्रावणात माती सुकायची कशी? मग परीक्षक यायच्या आधी कुंडी चुलीपाशी शेकवायची. विज्ञान म्हणजे शेवटी तडजोड!

असे प्रयोग करायला केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पण साहित्य मोडलं तर भरून देणार कोण? म्हणून काही ठिकाणी ते कपाटात बंद. सगळ्यात भरवशाचं यंत्र म्हणजे कपाटाचं कुलूप. त्याला वीजही लागत नाही.

त्यापेक्षा भंगारवाला बरा. जुन्या प्रिंटरात स्टेपर मोटर, दातेरी चाकं, पट्टा, सेन्सर असा अख्खा अभ्यासक्रम किलोच्या भावात मिळतो. शिवाय प्रिंटर आधीच मोडलेला. जबाबदारी कुणाचीच नाही.