शंभराचे हजार

हौशी रेडिओवाल्याने पहिला जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतला की बातमी आधी शेजाऱ्यांना कळते. तो त्यांच्याच स्पीकरमधून बोलू लागतो. हीथकिटचा एसबी-२२० घ्या. आत ३-५००झेडचे दोन व्हॉल्व्ह आणि हजारो व्होल्ट. प्लग काढल्यावरही कपॅसिटर विद्युतभार धरून असू शकतात. ‘फारसा वापरलेला नाही’ हे विकणाऱ्याचं वाक्यही तितकंच जपून हाताळावं. एवढा जीव धोक्यात घालून १०० वॉटचे १००० होतात, म्हणजे १० डेसिबल. पलीकडच्या रेडिओवरच्या, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा दोन घरंही सरकत नाही! अँटेनाची तार उंच बांधली तर ऐकूही बरं येतं, पण ती पाहुण्यांना दाखवता येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरने आवाज दूर जातो, समोरच्याचं उत्तर मात्र पूर्वीइतकंच अस्पष्ट. राजकारणात याला नेतृत्व म्हणतात.