लेन छत्तीस, गाडी एक

चेन्नईतल्या गिंडीचा कत्तिपारा उड्डाणपूल ऑक्टोबर २००८मध्ये वाहता झाला आणि पुढच्याच महिन्यात इंटेलने हौशी मंडळींसाठी एक्स-५८ चिपसेट आणला. त्यात पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डांचा डेटा वाहायच्या, ३६ लेन होत्या. कत्तिपाऱ्यावर निदान गाड्या तरी असतात.

गिंडीच्या आयटी पार्कात नोकरीला लागलेलं आपलं मराठी पोरगं चार पैसे साठले की मेट्रोने गव्हर्नमेंट इस्टेटला उतरतं आणि रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारात शिरतं. कॉम्प्युटर जोडायचाय. कशासाठी? कामाला ऑफिसचा लॅपटॉप आहेच. उरला रात्रीचा गेम आणि आईला व्हिडिओ कॉल. पण आईला साध्या मदरबोर्डावरून कॉल करायचा म्हणजे रूममेटसमोर मान खाली! "फ्यूचरप्रूफ पाहिजे, भावा."

हिशेब करू. ग्राफिक कार्डाला १६ लेन, एसएसडीला ४. झाल्या वीस. तेवढ्या आजचा साधा प्रोसेसर स्वतःच देतो. तरी 'अजून लेन हव्यात' म्हणून एएमडीचा बी-६५० चिपसेट सोडून एक्स-६७० घ्यावा, तर त्यात बी-६५०चीच चिप दोनदा बसवलेली, एकीमागे एक. आणि दोघींची मिळून सगळी वर्दळ प्रोसेसरकडे जाते ती चारच लेनमधून. वर पूल दुमजली, खाली सिग्नल तोच.

इंटेलने २०१७मध्ये तर कमाल केली. एक्स-२९९ या हौशी प्लॅटफॉर्मसाठी कोअर आय-सेव्हन ७७४०एक्स काढला. कोअर चार, लेन १६, म्हणजे ऐवज साध्या प्लॅटफॉर्मचाच. तो बसवला की आठ स्लॉटांच्या बोर्डावर रॅमचे चार स्लॉट मेलेले. ते चार स्लॉटही गिऱ्हाइकाने पैसे मोजूनच घरी नेले होते.

आता फ्यूचरप्रूफचं. एएमडीचा हौशी चिपसेट टीआरएक्स-४० नोव्हेंबर २०१९मध्ये आला. त्यावर थ्रेडरिपर प्रोसेसरची एकच पिढी नांदली; पुढची त्या सॉकेटात बसलीच नाही. याच कंपनीचं चारचौघांचं एएम-४ सॉकेट मात्र २०१७च्या पहिल्या रायझनपासून चालू, आणि २०२२मध्येही त्यासाठी ५८००एक्स३डीसारखा नवा प्रोसेसर आला. जुन्या बोर्डांपैकी अनेकांवर तो नुसतं बायोस अपडेट करून चालला. भविष्य स्वस्तातल्या बोर्डाला मिळालं. महागड्याच्या मालकाकडे रंगीत दिवे राहिले.

हौशी प्लॅटफॉर्म लागतो, नाही कसा! कोडंबाक्कमच्या एखाद्या स्टुडिओत चार ग्राफिक कार्डं रात्रभर रेंडर करत असतील, तर त्यांनी तो बेलाशक घ्यावा. दिवे लावायला त्यांना वेळ नसतो.

बाकीच्यांनी रिची स्ट्रीटला निघण्याआधी कागदावर एवढंच लिहावं, की बोर्डाला जोडायचंय काय. यादी एका ग्राफिक कार्डावर आणि दोन एसएसडींवर संपली, तर साधा बोर्ड घ्या. वाचलेले पैसे रॅमवर घाला, नाहीतर चेन्नईच्या मे महिन्यातल्या एसीच्या बिलावर.