मुलांना कळतं हो!

घरात गेम खेळणारं पोर असलं की येणारा-जाणारा एकच काळजी व्यक्त करून जातो : याला पुढे खरं-खोटं कळेनासं होईल. मी अशा वेळी गंभीर चेहऱ्याने मान डोलावतो, कारण चहा व्हायचा असतो आणि वाद नको असतो. पण गेम आणि आयुष्य यांची गल्लत केल्याची जी उदाहरणं मला ठाऊक आहेत, त्यांत पोरं फारशी नाहीत. मोठी माणसं आहेत. त्यातही पद जितकं मोठं, तितकी गल्लत देखणी.

पोरांचं म्हणाल तर आमचा आठवीतला भाचा बघा. कानाला हेडफोन, अंगठे मोबाइलवर. ताईने ताट वाढून तिसरी हाक मारलेली.

"अरे, वरण गार होतंय. बंद कर ते."

"आई, ऑनलाइन आहे गं. पॉज होत नाही!"

"मग मरू दे की तुझ्या त्या माणसाला."

"मेलो तर चालेल, पण टीमवाले काय म्हणतील?"

मरण खोटं, मित्र खरे आणि वरण गार. तिन्ही खाती स्वच्छ वेगळी. इतका चोख हिशेब मला माझ्या बँकेच्या पासबुकातही लागत नाही.

आता मोठ्यांकडे वळू. नोव्हेंबर २०१७ मध्ये रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने अमेरिका इस्लामिक स्टेटला पाठीशी घालते याचे बिनतोड पुरावे म्हणून काही छायाचित्रं जगापुढे ठेवली. त्यातलं एक मोबाइलवरच्या विमानातून गोळ्या झाडायच्या गेममधलं निघालं. लोकांनी ते तासाभराच्या करमणुकीसारखं शोधून काढलं. मग मंत्रालयाने चूक एका कर्मचाऱ्याच्या माथी मारली. (हे वाचून मला फार घरच्यासारखं वाटलं.) बीबीसीने २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बातमी देताना निवेदिकेच्या मागे जे बोधचिन्ह लावलं, ते 'हेलो' या गेममधल्या अंतराळ सेनेचं होतं. आद्याक्षरं तीच, तेव्हा कुणीतरी इंटरनेटवर शोधलं आणि पहिलं आलं ते उचललं असणार. परग्रहवासीयांशी लढणारी ती सेना निदान काहीतरी करते, हा भाग वेगळा.

आपणही मागे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानच्या पंजशीर खोऱ्यात लढाई पेटली, तेव्हा आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी पाकिस्तानी विमानांचा हल्ला म्हणून जी चित्रफीत दाखवली, ती 'आर्मा ३' या गेमची होती. पुढे युक्रेनच्या युद्धातही याच गेमच्या चित्रफिती इतक्या फिरल्या की, २०२२ मध्ये तो बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीला पत्रक काढून खुणा सांगाव्या लागल्या : चित्र धूसर असेल, कॅमेरा हलत असेल, रात्रीची वेळ असेल, आवाज नसेल, तर सावध व्हा. खेळण्याच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला 'साहेब, हे खरं नाही हो' म्हणून विनवावं, अशातली गत.

उलटा प्रकार मात्र मला जास्त आवडतो. तिथे गेमच आयुष्याची नक्कल आधी करून ठेवतो. सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये हक्कार नावाचा एक नवा राक्षस आला. त्याच्याशी लढताना एक रक्तरोग जडायचा. तो त्या लढाईपुरताच राहावा असा बेत होता, पण शिकारी खेळाडूंच्या पाळीव जनावरांबरोबर तो गेममधल्या शहरात शिरला. तगड्या खेळाडूंचं निभावलं, नवखे पटापट पडले. रस्त्यांत सांगाड्यांचा सडा. दुकानदार पात्रांना काहीच होत नव्हतं, ती आपली हसतमुखाने माल विकत आणि रोग वाटत उभी. काहीजण दुसऱ्यांवर उपचार करायला थांबले, काही खेड्यापाड्यांकडे पळाले आणि जाताना रोगही घेऊन गेले, काहींनी तर मुद्दाम पसरवला. कंपनीने विलगीकरण करून पाहिलं, कुणी जुमानलं नाही. शेवटी सर्व्हरच नव्याने सुरू करावे लागले.

एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेस'मध्ये या साथीवर लेख लिहिला. त्यातली मला भावलेली जात म्हणजे नुसतं बघायला येणारे. काय चाललंय ते जवळून बघायचं, रोग घ्यायचा आणि परत जायचं. साथीच्या गणिती आराखड्यांत या मंडळींना तोवर जागाच नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या चौकात पोलिसांनी अडवलेले एक काका, 'लोक उगाच बाहेर पडतात का ते बघायला आलोय' असं सांगत होते. काका आयुष्यात गेम खेळलेले नाहीत. हक्कारच्या शहरात मात्र त्यांना कुणी परका म्हटलं नसतं.

विनोदवाल्यांना हे सगळं केव्हाच कळलंय. गेममध्ये काही पात्रं कुणी खेळवत नसतं, त्यांना एनपीसी म्हणतात. ती एका जागी उभी राहून एकच वाक्य बोलतात. न्यूझीलंडच्या 'व्हिवा ला डर्ट लीग' या चमूने त्यांच्यावर 'एपिक एनपीसी मॅन' नावाची अख्खी मालिका उभी केली. तिचा नायक ग्रेग नावाचा लसूण पिकवणारा शेतकरी. येणाऱ्या प्रत्येक शूरवीराशी तो तेच ते बोलतो आणि वीर वैतागतात. मला ती पाहताना राहून राहून आपली सरकारी खिडकी आठवते. 'झेरॉक्स आणलीत का?' तुम्ही हात जोडा, चिडा, ओळख सांगा. योग्य कागद पुढे सरकवल्याशिवाय पुढचा संवाद उघडतच नाही.

खिडकीच्या आतलेही काही कमी नसतात. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहराच्या एका नगरसेवकाला २०१० मध्ये एका समितीतून काढलं, कारण अर्थसंकल्पाची चर्चा चालू असताना ते लॅपटॉपवर 'फार्मव्हिल' या शेतीच्या गेममधल्या गाईचं दूध काढत होते. त्यांनी बाजू मांडली ती अशी, की खेळणारा मी एकटा नाही; मी अजून चाळिसाव्या लेव्हलवर आहे, आपल्याच एक सदस्या सेहेचाळिसाव्यावर पोचल्यात! ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. विरोधात मत देणाऱ्या एकोणीसजणांचीही शेतं होती का, कुणास ठाऊक.