बूचभाऊ

जून महिन्यात कृषी केंद्रात सोयाबीनची बॅग मागितली, की दुकानदार आधी विचारतो, "जमीन कशी हाय? हलकी, मध्यम का भारी?" रीतच आहे ती. मेहकरात एक दुकान असं आहे, जिथं हाच प्रश्न कानाबद्दल विचारला जातो. विचारणाऱ्याचं खरं नाव दुकानाच्या लायसनवर आहे. गावात त्यांना बूचभाऊ म्हणतात.

इअरफोनच्या तोंडाला रबराची टोपी असते, तिला भाऊ 'टिप' म्हणतात. गाव 'बूच' म्हणतं. मला गावाचं म्हणणं जास्त शास्त्रशुद्ध वाटतं, कारण त्या वस्तूचं काम बुचाचंच आहे. बाटलीचं तोंड बंद करावं तसं कानाचं तोंड बंद करायचं. जरा फट राहिली की आतला खर्ज बाहेर पळतो आणि बाहेरचा ट्रॅक्टर आत शिरतो. मग माणूस कंपनीला शिव्या घालतो आणि दुसरा इअरफोन घेतो. त्यालाही फट राहते. असा चार इअरफोनांचा मालक झालेला माणूस शेवटी बूचभाऊंच्या पायरीवर येतो. मीही तसाच गेलो.

तसा असा एक माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावात असतो. कुणी बुलेटच्या आवाजावरून कार्ब्युरेटरचं दुखणं सांगतो, कुणी घड्याळाचा सेल बदलायला गेलेल्याला काट्यांचा इतिहास सांगतो. पोटापाण्याशी त्या विद्येचा संबंध नसतो. भाऊंच्या दुकानात खतं, बियाणं, औषधं सगळं मिळतं. कानाची बुचं मात्र विकायला नाहीत. ती फक्त लावून दाखवायला आहेत.

मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा पुण्याच्या मुलानं इअरफोन पाठवला. साधासुधा नाही, इन-इअर मॉनिटर. मॉनिटर म्हटल्यावर मला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारं पोरगं आठवलं. भाऊंनी खुलासा केला. स्टेजवर गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू यावा म्हणून पुढ्यात जो स्पीकर ठेवतात, तो मॉनिटर. तोच बारीक होऊन कानात गेला. अमेरिकेत जेरी हार्वी नावाच्या साउंड इंजिनिअरनं 1995 च्या सुमारास व्हॅन हेलन या बँडच्या ड्रमरसाठी असलं यंत्र करून दिलं आणि ते गाजलं. आता टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या पोरापोरींच्याही कानात ते असतं. पुढं चीनच्या केझेड, मूनड्रॉप असल्या कंपन्यांनी ही वस्तू दीड-दोन हजारांत आणून ठेवली. "म्हनून मेहकरपर्यंत आली," भाऊ म्हणाले, "नाईतर आपन ऑर्केस्ट्रावाल्याच्या कानात पाहूनच मेलो असतो."

मुलाच्या त्या मॉनिटरनं माझा कान वीस मिनिटांत ठणकायला लागे. गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटे. तणनाशक घ्यायला गेलो होतो, सहज बोललो. भाऊंनी हातातली पावती तशीच ठेवली.

"सर, कान दाखवा."

बोंडअळी पाहायचं भिंग त्यांनी काढलं, मोबाइलची टॉर्च लावली आणि चार शेतकऱ्यांसमोर माझ्या दोन्ही कानांची पाहणी झाली. पंचनाम्याला तलाठी तेवढा नव्हता.

"उजवा मध्यम हाय. डावा हलका."

"एकाच माणसाचे?"

"एकाच वावरात बांधाखाली भारी अन् टेकाडाले हलकी जमीन नसते काय? पेटीत तीन मापाची बुचं लिंकिंगमधी येतात. लोक मधलं माप दोन्हीकडं लावतात अन् बाकीची फेकून देतात. ते फेकलेलंच खरं असते."

लिंकिंग म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. खताच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात पडते, ते लिंकिंग. तीस-पस्तीस वर्षं मी 'सर्व विद्यार्थी समान' म्हणत आलो. माझे स्वतःचे दोन कान समान नाहीत, हे मला तणनाशक घेताना कळलं.

भाऊंचा सगळा संग्रह मिसळणाच्या डब्यात आहे. स्टीलचा, सात वाट्यांचा, झाकणाला आतून मसाल्याचा जुना वास. मोहरीच्या वाटीत सगळ्यांत लहान बुचं, जिऱ्याच्या वाटीत स्मॉल, हळदीच्या वाटीत मीडियम. हळदीच्या वाटीतली पांढरी बुचं अजून पिवळसर आहेत. तिखटाच्या वाटीत लार्ज. तिथं बुचं ठेवण्याआधी वाटी नीट धुतली होती का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मेथीच्या वाटीत दोन आणि तीन मजली बुचं, झाडासारखी, एकावर एक छत्र्या असलेली. ती कानात खोल जातात आणि आवाज चांगला अडवतात, पण घालताना माणसाचं तोंड आपोआप उघडतं. मधल्या वाटीत मानाची मंडळी: जपानच्या फायनल कंपनीची पाच मापांची जोडी आणि तैवानच्या स्पिनफिटची, जिची मान कानाच्या वळणाप्रमाणं फिरते. कानाची नळी सरळ नसते, तिला बाक असतो, हे मी आठवीला चित्र काढून शिकवलं आहे. त्या बाकावर कुणी चरितार्थाचं साधन उभं करेल, असं मला वाटलं नव्हतं.

वहिनींनी दुसरा डबा घेतला. त्या एवढंच म्हणतात, "माह्या डब्याचा वास लागला, म्हनून यांच्या गान्याले चव हाय."

सातव्या वाटीत फोम. त्याचं प्रकरण निराळं. कापसाच्या मुलखात लहानपणी अत्तराचा बोळा कानात असायचा, वरातीचा बँड आला की आजोबा साधा कापूस कोंबायचे. फोमला तेवढ्यानं चालत नाही. देवापुढची फुलवात वळावी तसा तो आधी बोटांत वळून बारीक करायचा. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडं नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, म्हणजे नळीचा बाक सरळ होतो. मग बूच आत सारायचं आणि फुगेपर्यंत, तीसेक सेकंद, बोटानं दाबून धरायचं. तेवढा वेळ भाऊ काउंटरवर स्वतःचा कान पकडून डोळे मिटून उभे असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं, बियाणं बोगस निघालं आणि भाऊ माफी मागून राहिले.

मला हे शिकवताना त्यांनी माझाच कान ओढला. जन्मभर पोरांचे कान पिळले, त्याची परतफेड अशी हप्त्यानं होते.

फोमनं आवाज सगळ्यांत जास्त अडतो, कानही दुखत नाही. पण झांजेची धार बोथट होते, घामानं तो खराब होतो आणि काही महिन्यांत कडक पडतो. रबरी बूच साबणाच्या पाण्यात धुतलं की वर्षानुवर्षं चालतं. तोंड रुंद असलं तर वरचे सूर मोकळे येतात, अरुंद असलं तर बऱ्याचदा खालचे दाट वाटतात. हे सगळं भाऊ एका दमात सांगतात. मधेच कुणी "युरिया हाय काय?" विचारलं तर "हाय" म्हणतात आणि पुढचं वाक्य चालू ठेवतात.

आता त्यांचा दोष सांगतो. हा माणूस गाणं ऐकत नाही. पंडित भीमसेन जोशींचा एक अभंग त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. त्यात पखवाज जिथं पडतो तिथून चाळीस सेकंद, एवढीच त्यांची गाण्याची जमीन. बूच बदललं की तेच चाळीस सेकंद. केबल कानावरून वळवून घेतली की पुन्हा तेच. अभंगाचा शेवट कसा होतो हे त्यांना माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं खर्ज नाई ना सर."

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार, मेहकर, जानेफळ करत खामगावकडं जाते. एका वर्षी आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. कानात काही नाही, भाऊंच्याही नाही. टाळ आले, पताका आल्या, मृदंगवाले अगदी पुढ्यातून गेले. माझ्या अंगावर काटा आला. भाऊंनी हात जोडले होते, डोळे ओलावले होते. पालखी पुढं गेल्यावर हळूच म्हणाले, "बास जरा जास्ती हाय."

प्रयोगशाळा म्हणून त्यांनी एसटी निवडली आहे. दुसरीकडं हवा तेवढा आवाज मिळत नाही, असं नाही. पण तो सारखा मिळत नाही. एकदा लोणारच्या सरोवराच्या काठावर जाऊन पाहिलं, तर तिथं अडवायलाच काही नव्हतं. मोर तेवढे ओरडले. तेव्हापासून मेहकर-लोणारची लालपरी, मागून तिसरी सीट, चाकावरची. मला बरोबर नेलं. बूच नीट बसलं तसा खिडक्यांच्या काचांचा खडखडाट गेला, पुढच्या सीटवरचं भांडण गेलं. इंजिनाची गुरगुर मात्र राहिली. भाऊ म्हणाले, असंच होतं. बूच बारीक, चिरका आवाज चांगलं अडवतं, जाड गुरगुरीला ते पुरत नाही. बॅटरीवर आवाज मारणारे जे महाग इअरफोन असतात, त्यांचं उलटं. ते गुरगुर मारतात आणि चिरक्यापुढं हात टेकतात. मी खिशातले फुटाणे तोंडात टाकले आणि दचकलो. कान बंद असल्यावर स्वतःचा जबडा पिठाच्या गिरणीसारखा चालतो. बोललो तर माझा आवाज मलाच विहिरीतून आला.

"आता आवाज किती हाय पाह्या," भाऊ मोबाइल दाखवत म्हणाले. एरवी मी जिथं ठेवत असे त्याच्या निम्म्यावर होता आणि सगळं ऐकू येत होतं. सगळ्या उपद्व्यापातली ही एक गोष्ट मला बिनशर्त पटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं आठवड्याला 40 तास ऐकायचं तर आवाज 80 डेसिबलच्या वर नको. बाहेरचा गोंगाट आत येत असेल, तर माणूस त्याच्यावर चढवायला आवाज वाढवत नेतो आणि कान हळूहळू कामातून जातो. एरवी काय वाटेल ते बोलणारे भाऊ इथं कडक आहेत. मोटरसायकलवर कानात बूच दिसलं, तर त्या पोराला उधारी बंद.

फार चांगलं बसलेल्या बुचाचा तोटा त्याच दिवशी कळला. आम्हाला सुलतानपूरला उतरायचं होतं. कंडक्टरनं हाक मारली असणार. आम्ही लोणारला पोचलो.

नंतरचा प्रसंग माझ्या अंगाशी आला. अंगाशी म्हणजे कानाशी. मधल्या वाटीतलं जपानी बूच माझ्या मॉनिटरला लावून पाहायची भाऊंना हौस आली. मॉनिटरच्या नळीची जाडी कंपनीगणिक बदलते. कुणाची चार मिलिमीटर, कुणाची सहाच्या घरात. माझी बारीक. बूच तिच्यावर सैल बसलं. आवाज फार छान आला, हे कबूल करतो. अर्ध्या तासानं मॉनिटर काढला, तर तो एकटाच बाहेर आला.

मी चिमटा शोधायला लागलो. भाऊंनी हात धरला. "खुपसू नका, आत जाईन." आयुष्यातलं त्यांचं हे सर्वांत शहाणं वाक्य. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. शारंगधर बालाजीची ती भव्य मूर्ती 1888 मध्ये मेहकरच्या जमिनीतून निघाली, तेव्हा लोक जमले असतील तसे दवाखान्यातले पेशंट माझ्या कानाभोवती जमले. डॉक्टरांनी बारीक चिमट्यानं एका क्षणात ते बाहेर काढलं, कापसावर ठेवलं आणि पडद्याला काही झालं नाही ना, ते पाहायला पुन्हा वाकले. खोलीत शांतता. भाऊ घाबरलेल्या आवाजात म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, फाटलं तर नाई ना?"

"नाही, पडदा चांगला आहे."

"पडदा नाई, बूच."

फाटलं नव्हतं. भाऊंनी ते रुमालात बांधून नेलं, साबणाच्या पाण्यात धुतलं आणि मधल्या वाटीत ठेवलं. जोडी शाबूत राहिली.

आज माझ्या उजव्या कानात मीडियम आहे, डाव्यात स्मॉल, दोन्ही पेटीत फुकट आलेली. कान दुखत नाही, तंबोरा ऐकू येतो. एवढ्यासाठी सात वाट्या पालथ्या घालायला हव्या होत्या का, याचं उत्तर भाऊंना विचारू नका. तुमच्या घरात पेटीतली उरलेली बुचं असतील तर ती फेकण्याआधी एकदा दोन्ही कानांना वेगवेगळी लावून पाहा. तरी जमलं नाही तर मेहकरला या. पहिला पाऊस पडल्यावर पंधरा दिवस येऊ नका. पेरणीच्या घाईत भाऊ कुणाच्या कानाला हात लावत नाहीत. आणि येताना कान स्वच्छ असू द्या. काडी घालून नव्हे. भिंगाखाली सगळं दिसतं आणि दुकानात गिऱ्हाईक असतं.