पाठ टेकताच झोप: निद्रार्थ्यांसाठी नियमावली

निद्रार्थी म्हणजे झोपेचा याचक. त्याला ओळखायची खूण सोपी आहे. सकाळच्या चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी तो म्हणतो, "काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही." प्रस्तुत नियमावली अशाच एका निद्रार्थ्याच्या दीर्घ निरीक्षणातून तयार झाली आहे. सदर गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले असून डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. रात्री दोन वाजता तुमच्याकडे मिक्सर कोण लावतं, अशी चौकशी शेजारणीने त्यांच्या सौभाग्यवतींकडे आजवर दोनदा केली आहे.

नियम पहिला: रात्रीची झोप दुपारी झोपू नये. माणूस जागा असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. साठा पुरेसा झाला की डोळ्यांवर झापड येते आणि झोप झाली की साठा उतरतो. निद्रार्थी जेवण झालं की वामकुक्षीसाठी आडवे होतात. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर घटकाभर पडणं. निद्रार्थी पडतात उताणे, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन, आणि त्यांची घटका साडेतीनला संपते. कोणी हटकलंच तर चरकाचा आधार तयार असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, दिवसा झोपायची मुभा उन्हाळ्यात आहे आणि एरवी बालकं, वृद्ध, श्रमाने थकलेले अशांना आहे. ही सवलत घेण्यापुरते निद्रार्थी वृद्ध होतात. बसमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या जागेवर बसायला सांगितलं तर मात्र रागावतात.

सातच्या बातम्यांना दुसरा हप्ता. मान छातीवर, हातात रिमोट. रिमोट हळूच काढून घ्यायला जावं तर डोळे न उघडताच, "बघतोय मी!" मुदतीआधी ठेव मोडली की व्याज घटतं, हे ज्यांनी तीस वर्षं काउंटरवर बसून खातेदारांना समजावलं, त्यांनीच घरचं खातं असं चालवावं?

चहाचा नियम लहान आहे. रात्रीच्या जेवणानंतर "अर्धाच कप" नको. कॅफिन मेंदूत अ‍ॅडेनोसिनच्याच जागा अडवून बसतं आणि त्यातलं निम्मं उतरायला साधारण पाच तास जातात. म्हणजे साडेनऊच्या अर्ध्या कपातला पाव कप रात्री अडीचलाही शिल्लक असतो.

मेंढ्या मोजू नयेत. डोंबिवलीत मेंढ्या नाहीत. ऑक्सफर्डमध्ये २००२ साली झालेल्या प्रयोगात, एखादं शांत, सुखाचं दृश्य बारकाव्यांसह डोळ्यांपुढे आणणाऱ्यांना लवकर झोप लागली होती. निद्रार्थ्यांनी हे पेपरात वाचलं आणि त्याच रात्री कोकणातल्या घरामागची विहीर डोळ्यांपुढे आणली. रहाट दिसला, पोफळी दिसल्या, पाण्यावरचं शेवाळ दिसलं. मग विहिरीवरून सातबारा आठवला, सातबाऱ्यावरून चुलतभाऊ, आणि एक वाजता ते बिछान्यात ताडकन उठून बसले. "झोपलीस का?" त्यांनी विचारलं.

"झोपले होते," सौभाग्यवती म्हणाल्या.

डोक्यात अशी वळवळ असेल तर ती कागदावर उतरवावी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने २०१८ मध्ये ५७ तरुणांवर प्रयोग केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं जवळपास निम्म्यांनी पुढे करायच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी उरकलेल्या कामांची. उद्याची कामं लिहिणारे साधारण नऊ मिनिटं आधी झोपले, आणि जितकी यादी नेमकी तितकी झोप लवकर. निद्रार्थी कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहू लागले: लाइट बिल, हयातीचा दाखला, चुलतभाऊ. सौभाग्यवतींनी तिसरी नोंद खोडून तिथे "डाळ दळून आणणे" असं लिहिलं. यादी नेमकी झाली.

पायांची विद्या मात्र घरात आधीपासून होती. फडताळात वरच्या फळीवर सौभाग्यवतींच्या सासूबाईंची काशाची वाटी आहे. तळपायाला खोबरेल किंवा तूप चोळायचं आणि वाटीचं बूड गोल गोल फिरवायचं. थोड्या वेळाने तेल काळं पडतं. त्यावर सासूबाई म्हणत, "बघा किती उष्णता निघाली!" काळेपणा धातूच्या घासण्याचा, हे खरं. पण उष्णतेचं त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ साली 'नेचर'मध्ये दाखवलं, की हातपाय ऊबदार झाले की झोप लवकर लागते. तिथल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, आतली उष्णता बाहेर पडते, शरीर आतून निवतं आणि निवलेल्या शरीराला झोप येते. निजण्याच्या तासदीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ करून नेमकं हेच साधतं. वाटीने पाय घासताना निद्रार्थी चौथ्या मिनिटाला घोरू लागतात, हे निरीक्षण अनेकदा पडताळून पाहिलेलं आहे. अडचण एकच, वाटी फिरवणारं माणूस दिवसभर उभं असतं.

नोकरीत असताना निद्रार्थी उभ्याने झोपत असत. डोंबिवलीला गाडीत शिरायचं, वरची कडी धरायची, मुंब्र्यापर्यंत डोळे मिटलेले. जिनिव्हात २०११ मध्ये डुलत्या पलंगावर पुरुषांना झोपवून पाहिलं, तर ते स्थिर पलंगापेक्षा लवकर झोपले. आपल्याकडे झोपाळ्याच्या नावातच हा निष्कर्ष आहे. निवृत्तीनंतर गाडी सुटली, पाचचा गजर सुटला, आणि उठायची वेळ कधी सात, कधी साडेआठ झाली. झोपेचे डॉक्टर सांगतात, की निजायची वेळ एकवेळ मागेपुढे झाली तरी उठायची वेळ रोज तीच ठेवा. हे निद्रार्थ्यांना मान्य आहे. लागू करायचं राहिलंय.

घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर कुठलीही नियमावली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

आता आदर्श उदाहरण. सौभाग्यवतींची पाठ टेकते आणि मिनिटभरात डोळा लागतो. "तुझं बरं आहे!" असं निद्रार्थी रोज रात्री त्यांच्या पाठीला उद्देशून म्हणतात. धडधाकट माणसाला झोप लागायला दहा ते वीस मिनिटं लागतात. झोपेच्या प्रयोगशाळेत दिवसा डुलक्या घ्यायला लावून एक चाचणी करतात, तीत सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली तर माणूस झोपेचा फार भुकेला आहे असं धरतात. एका मिनिटात झोपणाऱ्या बाईचं काहीही बरं नसतं. तिच्याकडे नळाला पाणी पाचला येतं, एवढंच.

बिछान्यात तळमळूनही झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जावं, हा नियम रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडला. एका पहाटे निद्रार्थी तो पाळत स्वयंपाकघरात बसले होते. पाच वाजता नळ फुसफुसला. आतून झोपाळू आवाज आला, "अहो, जागेच आहात तर पिंप भरा." त्यांनी पिंप भरलं. मग कळशी भरली, बादल्या भरल्या, आणि वर दूधही आणलं. सौभाग्यवती त्या दिवशी पावणेसातला उठल्या, बऱ्याच वर्षांनी.

आठवडाभर पाणी त्यांच्याकडे राहिलं. दुपारी आडवं व्हायच्या वेळी सौभाग्यवतींनी किराणा आणायचं काम लावलं. शनिवारी रात्री सव्वादहाला दिवा मालवला, आणि सौभाग्यवतींना सहज आठवलं, की हयातीच्या दाखल्याचं विचारायचं राहिलं.

"झोपलात का?"

उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने मिक्सर सुरू झाला.

"अहो," त्या अंधारात म्हणाल्या, "कुशीवर व्हा."